मदत हवी आहे : सॅन डिएगोत दादाची पहिली लाट आणि ओल्या हॉप्सची बिअर

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी माझा मोठा भाऊ आणि वहिनी दहा दिवसांसाठी आमच्याकडे सॅन डिएगोला येतायत. दादा मालवणात वाढलेला, पट्टीचा पोहणारा, पण सर्फबोर्डवर कधी उभा राहिलेला नाही. पन्नाशीच्या आत एकदा तरी उभं राहायचंच, असं त्याने ठरवलंय. महिना चांगला आहे: पाणी २० अंशांच्या आसपास, उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली.

पण त्याने जवळच्या एन्सिनिटास गावातली 'स्वामीज' ही सर्फिंगची जागा हेरून ठेवलीय. वर कड्यावर परमहंस योगानंदांचा आश्रम, खाली लाटा, नावही त्यावरूनच पडलेलं. पहिली लाट तिथेच घेणार म्हणतो. मी दोन वर्षं शिकतेय, तरी तिथे उतरायची माझी हिंमत झालेली नाही. लाट खडकावर फुटते आणि पाण्यात सगळे मुरलेले लोक. लाटा लहान असतील तर चालेल का?

ला होया शोअर्सच्या किनाऱ्यावर तळ वाळूचा, लाट मऊ. पण गेल्या वर्षी तिथेच मला पाकटाने (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) काटा मारला. गुडघाभर पाण्यात बोर्ड धरून चालत होते. टाचेच्या वर सुई घुसल्यासारखं झालं आणि बघता बघता कळ मांडीपर्यंत चढली. लाइफगार्डने बादलीभर सोसेल तेवढं गरम पाणी दिलं. दीड तास पाय त्यात होता. पाणी कोमट झालं की कळ परत यायची. म्हणून विचारते, भरतीला उतरावं की ओहोटीला? रबरी बूट घातले तर काटा अडतो का?

आता बिअर. दादाला ओल्या हॉप्सची पाजायची आहे. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं. एरवी ती सुकवून वर्षभर वापरतात. या बिअरसाठी मात्र वेलीवरून काढल्यावर साधारण २४ तासांत ती काहिलीत पडतात. बहुतेक वजन पाण्याचंच, म्हणून सुक्यापेक्षा कितीतरी पट जास्त घालावी लागतात. मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा आधी नुकत्या कापलेल्या गवताचा वास आला, मग संत्र्याच्या सालीचा. सप्टेंबरअखेर ती पबमध्ये नळावर आलेली असते का? दोन कॅन पुण्याला नेता येतील का?

प्रतिसाद :

ताई, स्वामीजला पोहायला येणं पुरत नाही. कोणाची लाट, कधी बाजूला व्हायचं, हे कळत नसेल तर बोर्ड दुसऱ्याच्या डोक्यात बसतो. दादांना आणि वहिनींना आश्रमाच्या बागेत घेऊन जा. कड्यावरून लाटा बघायला तासभर कमी पडेल.

शिकायला शोअर्सच. पाकटं उथळ, कोमट, शांत पाण्यात वाळूखाली पडून असतात, म्हणून पूर्ण ओहोटी टाळा आणि भरती चढत असताना सकाळी लवकर उतरा. बुटांवर भिस्त नको, काटा आरपार जातो. पाय उचलायचाच नाही, वाळूत घासत न्यायचा. कमरेइतक्या पाण्यात गेलात की बोर्डवर आडवे व्हा. ८-९ फुटी फोमचा बोर्ड घ्या, छोटा अजिबात नको.

वॉशिंग्टन राज्यातल्या यॅकिमा खोऱ्यात, जिथे हॉप्स पिकतात, तोडणी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालते. पुढे आंबायला दोन-तीन आठवडे धरा. म्हणजे सप्टेंबरअखेर पहिल्या खेपा मिळायला हव्यात, पण निघण्याआधी फोन करून विचारा. सोलाना बीच गावातलं पिझ्झा पोर्ट हे स्वतःची बिअर बनवणारं पिझ्झाचं ठिकाण १९८७ पासूनचं, समुद्रापासून चालत जाण्याइतकं, तिथे नळावर काय आहे ते बघा. कोस्टर या लोकल रेल्वेने जा म्हणजे कोणालाच गाडी चालवावी लागणार नाही. किनाऱ्यावर मात्र कॅन उघडू नका, सॅन डिएगो शहराच्या बीचवर २००८ पासून मद्यपानाला बंदी आहे.

ओल्या हॉप्सची बिअर पुण्याला नेऊ नका, वास वाटेतच उडेल. मेर्त्सन न्या. ती मुळात मार्चमध्ये करून शरदापर्यंत थंड तळघरात ठेवायची बिअर, प्रवास सोसेल.

धागाकर्ती :

खूप आभार! दादाशी आत्ताच बोलले. स्वामीज सोडायला तयार झाला, पण बागेत बसून लाटा मोजणार म्हणतो. आता फक्त भरतीचं वेळापत्रक बघून दिवस ठरवते.