दोन पोर्टवरही चौघांचा वाद्यवृंद जमतो
प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलच्या स्लिम मॉडेलला २ च यूएसबी पोर्ट असल्यामुळे संगीताच्या व्हिडिओ गेममधले दोन गिटार, ड्रम (वाद्यांच्या आकाराचे कंट्रोलर) आणि माइक एकत्र चालणार नाहीत, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. हा कन्सोल यूएसबी हब (एका पोर्टला अनेक उपकरणे जोडणारे साधन) व्यवस्थित ओळखतो आणि एका वेळी ७ कंट्रोलर स्वीकारतो. खरी अडचण विजेची आहे, कारण यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह मिळतो आणि स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या साध्या हबवर तोच सगळ्या उपकरणांत वाटला जातो. जुळे सोलापुरात मावसभावाकडे आम्ही जमतो, तेव्हा ऐन गाण्यात दुसऱ्या गिटारच्या रिसीव्हरचा (बिनतारी गिटारचे संकेत घेणाऱ्या, यूएसबी पोर्टला लावायच्या तुकड्याचा) दिवा विझत असे. नवी पेठेतून स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरचा हब आणल्यापासून तो त्रास पूर्ण थांबला.

जुनी गिटार विकत घेणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगावेसे वाटते, की या कन्सोलच्या बिनतारी गिटारला तिच्या जोडीचा रिसीव्हर लागतोच, म्हणून तो हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एक्सबॉक्स ३६० या दुसऱ्या कन्सोलवर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे ४ बिनतारी वाद्ये रिसीव्हरशिवाय थेट जोडता येतात.