कृतज्ञतेची वही रोज लिहावी की आठवड्यातून एकदा?

प्रश्न (रावेरकर): झोपण्यापूर्वी दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहिण्याचा नेम मी नुकताच धरला आहे. सुरुवात उत्साहात झाली. आता मात्र आरोग्य, आईवडील आणि नोकरी हेच तीन शब्द रोज उमटतात आणि लिहिणे म्हणजे हजेरीपटावर सही करण्यासारखे झाले आहे. शिवाय मेअखेरच्या वादळात आमची निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली केळी आडवी झाली असताना सर्व छान आहे असे लिहिणे मनाला पटत नाही. हा नेम रोजचा ठेवावा का, आणि लिहावे तरी काय?

निवृत्त शिक्षिका, अमळनेर: मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या, पण प्रत्येक गोष्ट कशामुळे घडली हेही सोबत नोंदवायचे होते, तुमच्या वहीत नेमका हा दुसरा भाग दिसत नाही. त्या गटाचे समाधान सहा महिन्यांनंतरही वाढलेले आढळले, विशेषतः ज्यांनी मुदत संपल्यावरही आपणहून लिहिणे चालू ठेवले त्यांचे. नुसते 'आईवडील' लिहिण्याऐवजी 'माझी सकाळची बस चुकू नये म्हणून आईने पहाटे उठून कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला' असे लिहून पाहा. असे वाक्य रोज तेच ते येत नाही.

केळीबाग, यावल: सर्व छान आहे असे लिहायला सांगितले कोणी? आमची बाग पडली त्या संध्याकाळी मी इतकेच लिहिले, की शेजारचे बापू न बोलावता कोयता घेऊन आले आणि विकण्याजोगे घड उतरवून होईपर्यंत बांधावरून हलले नाहीत. नुकसान नुकसानच राहिले. पंचनामा वेळेवर झाला नाही किंवा विम्याची रक्कम अडली, तर त्याची तक्रार अवश्य करावी. कृतज्ञतेच्या नावाखाली तो राग गिळण्याचे काही कारण नाही. वेळेबाबत म्हणाल, तर शेतीची वीज रात्री असते त्या आठवड्यात मी सकाळी चहाबरोबर लिहितो.

गिरणाकाठ: रोजच्या आग्रहाशी मी सहमत नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा लिहिणाऱ्यांचे मात्र वाढले नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांच्या २००३ सालच्या पहिल्या प्रयोगातही विद्यार्थी दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच लिहीत होते. प्रत्येकाची प्रकृती सारखी नसते हे खरे, पण ज्याला रोजचे लिहिणे यांत्रिक वाटू लागले आहे त्याने रविवार धरावा. आणि बापूंसारख्या माणसाविषयी वहीत लिहून थांबू नये. आपल्याकडे तोंडावर आभार मानले की समोरचा संकोचतो. तेव्हा बांधावर त्यांच्या चार माणसांत सांगावे, 'बापू होते म्हणून तेवढे घड तरी हाती लागले.'