आपल्याकडून एमबीएला गेलेल्यांनो, अनुभव लिहा

दारव्ह्याकडचा
दरवर्षी बीकॉम-बीएस्सीचे निकाल लागले की आमच्या तालुक्यात एजंट फिरायला लागतात. पुण्यात एमबीए, शंभर टक्के प्लेसमेंट, दोनच सीटा राह्यल्या, असं सांगत थेट घरात येऊन बसतात, आणि घरात तुरीचे पैसे असले तं बाप तिथल्या तिथं बुकिंग करून टाकतो. नागपूरला आयआयएम येऊन 2015 पासून इतकी वर्षं झाली, पण सीईटी (प्रवेश परीक्षा), कॅप राऊंड (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी), महाडीबीटी (शिष्यवृत्तीची सरकारी साइट) हे शब्द गावात पोचायच्या आधी एजंट पोचतो, हेच मले खुपते. म्हणून जे कोणी खाजगी मॅनेजमेंट कॉलेजात शिकले त्यांनी लिहा. ॲडमिशन कशी झाली, पैसा कुठून आला, तिथं राहणं कसं होतं. कॉलेजचं नाव नको.

वरूडची ताई
माझं कॅपमधून झालं, नागपूरचं खाजगी कॉलेज. सीईटीत तेव्हा 200 प्रश्न नि 150 मिनिटं होती, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही हे आधी डोक्यात बसवा. लॉजिकलचेच (तर्काचे प्रश्न) 75 होते, गणिताला घाबरणाऱ्या पोरींनी तिकडे जोर लावावा.

पण परीक्षेपेक्षा कागदांनी जास्त दमवलं. ओबीसी असल्यामुळे नॉन क्रिमिलेअर आणि जात वैधता दोन्ही पाहिजे. वैधतेसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात, आजोबा शाळेत गेलेच नव्हते, शेवटी पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकातली (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद निघाली, तिची नक्कल काढायला बाबा संत्र्याची तोड सोडून तहसीलला चकरा मारत होते. बारावीतच हे काम सुरू करा बायांनो, सीईटीचा निकाल लागल्यावर पळापळ करून होत नाही.

2024 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या (मराठा आरक्षण) मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असलं तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातही आहे, फक्त ॲडमिशन कॅपमधून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून (कॉलेज स्वतः भरते त्या जागांवर) घेतली की गेलं सगळं. एजंट हे कधीच सांगत नाही कारण कॅपमधून त्याला काही मिळत नाही!

गोंदिया, धानवाला
मी पुण्याला पीजीडीएम केलं. एमबीए विद्यापीठाची डिग्री असते आणि पीजीडीएम संस्था स्वतः देते, एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता असली की नोकरीत काही फरक पडला नाही मले. फरक पडला तो पैशात. आमच्या पीजीडीएमला कॅप नव्हता म्हणून फी माफी नाही, सगळं कर्जावर.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखापर्यंत बिनतारण मिळते असं सगळे सांगतात आणि नियम तसाच आहे, पण बाबा सहकर्जदार असतात नं, त्यांचं पीककर्ज थकीत होतं, सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) पाहून मॅनेजरनं फाईल बाजूला ठेवली. धानाचा बोनस आल्यावर आधी ते पीककर्ज नवं-जुनं केलं (जुनं भरून नवं उचललं), मग फाईल हलली. वरच्या रकमेसाठी तारण मागितलं तं शेतजमीन चालत नाही म्हणे, गावातलं घर आबादीतलं, त्याचे कागद धड नाहीत. शेवटी मामाचा तिरोड्यातला प्लॉट कामी आला. आणि कोर्स चालू असताना हप्ता नसतो पण व्याज चालूच राह्यते, जमलं तं तेवढं व्याज भरत जा, मी ट्यूशन घेऊन भरत होतो.

ब्रोशरमधल्या फीवर हिशोब मांडू नका. होस्टेल, मेस, लॅपटॉप, ब्लेझर, इंडस्ट्रियल व्हिजिट हे सगळं वेगळं लागते.

दर्यापूरकर
मी विद्यार्थी नाही, बाप आहे. पोरानं एका कॉलेजात पैसे भरले अन् लगेच कॅपमध्ये दुसरीकडे नंबर लागला. पहिल्यावाले पैसे देईनात, ओरिजिनल टीसीही देईनात. आमच्या भाच्यानं नियम काढून दाखवला, कोर्स सुरू व्हायच्या आधी ॲडमिशन रद्द केली तर जास्तीत जास्त 1000 रुपये कापायचे अन् बाकी परत द्यायचे, कागद तर अडवताच येत नाहीत. ईमेलवर अर्ज केला अन् प्रत एआयसीटीईला लावली, तवा मिळाले. तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका भाऊ.

चिमूरचा
वरच्यांनी पैशाचं लिहिलंच आहे, मी वर्गातलं लिहितो. पहिल्या ग्रुप डिस्कशनला माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता, विषय समजत होता, मुद्दे होते, पण इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत पुढचा बोलून मोकळा व्हायचा. मग रूममेटसंग रोज रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर पेपरमधली एक बातमी इंग्रजीत सांगायची असं ठरवलं, तो जळगावचा, त्याचीही तीच गत होती. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत भीड चेपली.

बियाणं कंपनीच्या केसवर चर्चा होती आणि सगळे जाहिरात, सोशल मीडिया, ॲप असं बोलत होते. मी म्हटलं शेतकरी बॅग उधारीवर उचलतो, कृषी केंद्रवाला ज्या कंपनीची उधारी देईल तेच वाण वावरात जाते, म्हणून आधी दुकानदाराला किती दिवसांची उधारी देता ते ठरवा. सर थांबले आणि तो मुद्दा बोर्डावर लिहिला. आपल्या घरात जे रोज चालते तेच वर्किंग कॅपिटल (धंद्यातला फिरता पैसा) अन् चॅनल फायनान्स (दुकानदाराची उधारी) आहे, हे कळल्यापासून मी वर्गात पुढं बसायला लागलो. समर इंटर्नशिपही एका खत कंपनीत मिळाली, वणी-पांढरकवड्याकडे फिरलो, तिथं वऱ्हाडी बोलणं हीच माही सगळ्यात मोठी डिग्री होती.

प्लेसमेंटचं विचाराल तर सरासरी पॅकेज विचारू नका, मिडियन, म्हणजे सगळी पॅकेजं ओळीनं लावली तर बरोबर मधलं, ते विचारा. एकदोघांना मोठा आकडा लागला की सरासरी फुगते. किती पोरं बसली होती, किती लागली आणि त्यातले विमा-बँकेच्या सेल्समध्ये किती, हे मागच्या बॅचच्या पोरांना फोन करून विचारा.

आर्वीकडून
नवीन आहे, एक विचारायचं होतं. बहिणीचा कॅपमध्ये नंबर लागला, ओबीसी, उत्पन्नाचा दाखला आहे. कॉलेज म्हणते आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ. आमच्याकडे आता पेरणीचेच पैसे नाहीत.

वरूडची ताई
भरू नका. माफीत बसणाऱ्या मुलींकडून ते शुल्क ॲडमिशनच्या वेळी घ्यायचं नाही असं सरकारनं कॉलेजांना सांगितलेलं आहे. कॅपचं अलॉटमेंट लेटर, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर घेऊन जा आणि फी मागितली तर कशाकशाची ते लेखी द्या म्हणा. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर त्या कॉलेजची मंजूर फी दिसते, तिची प्रिंट सोबत ठेवा. ऐकलं नाही तर नागपूरच्या तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. रिपोर्टिंगची (कॉलेजात हजर व्हायची) शेवटची तारीख चुकवू नका, नाहीतर सीट जाईल. महाडीबीटीचा फॉर्म तिला स्वतःच भरायचा आहे, आधारला बँक खातं लिंक आहे का ते आजच बघा. आणि बाबांच्या नावावर जमीन थोडी असली तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा फॉर्मही तिथंच असतो, अल्पभूधारकाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून काढून ठेवा.