एक्टोमॉर्फ म्हणजेच वातप्रकृती का?

नवखा_मोजणारा:
एम.पी.एड.च्या लघुप्रबंधासाठी खेळाडूंचे सोमॅटोटाइप (शरीराच्या बांध्याचे प्रकार) काढून त्यांना स्वभावाची जोड द्यायचा विचार आहे. एक्टोमॉर्फ (सडपातळ) म्हणजे वात, मेसोमॉर्फ (पिळदार) म्हणजे पित्त, एंडोमॉर्फ (गोलसर, स्थूल) म्हणजे कफ असं धरलं तर चालेल का? हे बांध्याचे प्रकार मांडणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शेल्डनला शरीर आणि स्वभाव यांत ०.८च्या आसपास सहसंबंध मिळाला होता, तो आधार म्हणून देऊ का?

चिमटा_कॅलिपर:
तो आकडा आधाराला घेऊ नका. १९४२च्या त्या अभ्यासात २०० पुरुष होते, आणि बांध्याचे गुणही शेल्डनचेच, स्वभावाचे गुणही त्याचेच. समोर हाडकुळा माणूस बसलाय हे दिसत असताना 'अबोल, संकोची' असा शेरा पडणारच. सडपातळ बांध्याचा स्किझोफ्रेनिया या मनोविकाराशी संबंध लावणाऱ्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेत्श्मरचं (१९२१) दुखणं वेगळं, त्याने वयाकडे नीट पाहिलं नाही. स्किझोफ्रेनिया तरुणपणी सुरू होतो आणि तरुण माणूस मुळात सडपातळ असतो.

मोजमापाला हीथ-कार्टर पद्धत (१९६७) वापरा. मापं दहाच: उंची, वजन, चार स्किनफोल्ड (चिमटीत धरलेल्या त्वचा-चरबीच्या घडीची जाडी), कोपर-गुडघ्याच्या हाडांची रुंदी, दंड आणि पोटरीचा घेर. चिमटी उजव्या बाजूला, कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) तिच्यापासून १ सेंमीवर, वाचन २ सेकंदांनी. दोन वाचनांत ५ टक्क्यांहून जास्त फरक आला की तिसरं घ्या.

हमखास चुकतं ते मेसोमॉर्फीत (पिळदारपणाच्या गुणात): घेर सेंमीत, स्किनफोल्ड मिमीत. घेरातून वजा करण्याआधी स्किनफोल्डला १०ने भागायचं राहून जातं आणि उत्तर फारच कमी, कधी शून्याखालीही, येतं.

नवखा_मोजणारा:
पण बांधा जन्मजात असतो ना? मग प्रकार तर बदलायला नको.

चिमटा_कॅलिपर:
शेल्डनचं म्हणणं तेच. आता गणित करून बघा. उंची १७२ सेंमी, वजन ५८ किलो. उंचीला वजनाच्या घनमुळाने (३.८७) भागलं की ४४.४. त्याला ०.७३२ने गुणून २८.५८ वजा करा: एक्टोमॉर्फी (सडपातळपणाचा गुण) साधारण ४. तोच माणूस ७० किलोचा झाला की २. बारा किलोत दोन अंक गेले, स्वभाव कुठे बदलला? (हे सूत्र भागाकार ४०.७५ किंवा जास्त असेल तेव्हाच.)

त्रिसूत्र:
प्रकृतीबद्दल. आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात वातल (वातप्रकृतीच्या) माणसाच्या वर्णनात रुक्ष, कृश शरीर आहेच, पण त्याच दमात लवकर घाबरणं, चटकन शिकणं आणि तितक्याच चटकन विसरणंही आहे. म्हणजे स्वभाव व्याख्येतच बसलाय. प्रकृती ठरवून मग तिचा स्वभावाशी संबंध शोधलात, तर जे आत घातलं तेच बाहेर येणार. शिवाय तिथे त्वचा, भूक, झोप, आवाज, सगळंच धरलेलं आहे. कॅलिपरला त्यातलं काय कळणार?

चिमटा_कॅलिपर:
सहमत. स्वभावासाठी प्रमाणित प्रश्नावली घ्या, ती खेळाडूनेच भरू दे. मापं घेणाऱ्याला तिचे गुण दाखवू नका. वय आणि खेळ यांची नोंद ठेवा, नाहीतर कबड्डी आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंमधला फरकच 'स्वभाव' म्हणून छापला जाईल.