पॉलिसायथेमिया व्हेरा: रक्त काढून काढून लोह संपलंय, थकव्याचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ६३) पॉलिसायथेमिया व्हेराचं निदान झालंय. बोन मॅरो (हाडांतला मगज) गरज नसताना रक्तपेशी बनवत सुटतो, त्यातही तांबड्या जास्त. रक्त दाट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. जॅक-टू जनुकातला बदल शोधणारी चाचणी पॉझिटिव्ह आली. हा जनुकीय बदल २००५ मध्ये सापडला आणि या आजाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत तो असतो. तो आईवडिलांकडून येत नाही, मॅरोतल्या एखाद्या पेशीत पुढे कधीतरी होतो. हे कळल्यावर आम्हा भावंडांना जरा हायसं वाटलं.

कमी डोसची अ‍ॅस्पिरिन चालू आहे आणि दाटपणा कमी करायला अधूनमधून रक्त काढतात. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का) ५६ होतं, आता ४४ आहे. ते ४५ च्या खाली ठेवण्याबाबत डॉक्टर फार काटेकोर आहेत. २०१३ च्या इटलीतल्या अभ्यासात ४५ ते ५० दरम्यान ठेवलेल्या रुग्णांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या त्रासाने मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या जवळजवळ चौपट दिसल्या होत्या, त्यामुळे तो आग्रह पटतो.

माझा प्रश्न पुढचा आहे. रक्ताबरोबर लोहही जातं. बाबांचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) ७ वर आलंय, म्हणजे खूपच कमी. जिना चढताना मधल्या वळणावर कठडा धरून उभे राहतात, दुपारी पेपर हातात घेऊनच झोप लागते. नातेवाईक म्हणतात, लोहाच्या गोळ्या द्या. डॉक्टरांनी साफ मनाई केली आहे: लोह मिळालं की मॅरो पुन्हा जोमाने तांबड्या पेशी बनवणार. कारण समजतं, पण त्यांची ही दमणूक बघवत नाही.

वय साठच्या पुढे असल्यामुळे आता मॅरोचं पेशी बनवणं कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू करायचं ठरतंय. ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांनी कृपया सांगा, रक्त काढण्याची वेळ कमी येऊ लागली का? लोह आपोआप भरून आलं का, आणि थकवा उतरला का? आंघोळीनंतर सर्वांगाला सुटणारी खाजही आहेच. पाण्याचा नुसता स्पर्श पुरतो, पुरळ मात्र काही दिसत नाही. त्यावर कशाने आराम पडला?

इंटरफेरॉन किंवा रक्सोलिटिनिब या दुसऱ्या औषधांवर कुणाला नेलं असेल, तर डॉक्टरांनी ते कधी आणि का बदललं, तेही लिहा. औषधात आम्ही परस्पर काही करणार नाही. पुढच्या भेटीत हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) नेमकं काय विचारायचं, ते ठरवायचं आहे.