‘डार्क’ फोटोला मराठीत काय म्हणायचं? काळपट, मलूल, विटका, उजळणे

हळदीचे फोटो एडिट करतोय आणि घरचे प्रत्येक फोटोला एकच म्हणतात, "डार्क आलाय, जरा उजळ कर." पण एकात आत्या मांडवाच्या कडेला अंधारात गेलीय आणि दुसऱ्यात उजेड भरपूर असूनही फोटोत जीव नाही, या दोन्हीला डार्कच म्हणायचं का? आणि उजळणे बरोबर की उजळवणे?

उत्तर १
दोन वेगळे दोष आहेत आणि शब्दही वेगळे आहेत. उजेड कमी पडला तो काळपट. उजेड आहे पण काळं करडं दिसतंय, पांढरं मळकं दिसतंय, म्हणजे कॉन्ट्रास्टच नाही, तो मलूल, काही जण मळकट म्हणतात. विटका मात्र रंग उडालेल्या जुन्या प्रिंटला म्हणा.

हा फरक ठेवला की उपायही आपोआप कळतो. सगळाच फोटो काळपट असेल तर एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) वाढवा, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, आणि फक्त आत्याच अंधारात असेल तर शॅडोज (फोटोतले अंधारे भाग) तेवढ्या उचला. मलूल फोटोला ब्लॅक्स (सगळ्यात काळे भाग) थोडे खाली, व्हाइट्स (सगळ्यात पांढरे भाग) थोडे वर. लोक नेमकं मलूल फोटोला ब्राइटनेस मारतात आणि तो पांढुरका होऊन बसतो.

उजळणे, उजळवणे दोन्ही चालतं. मला उजळणे जास्त आवडतं, कारण सोनाराकडून दागिना उजळून आणतो तेव्हा वरचा मळ जातो, सोन्याचा रंग आहे तोच राहतो. फोटोतही तेवढंच व्हायला हवं.

उत्तर २
पटलं, पण चेहऱ्याच्या बाबतीत ‘उजळ’ जपून वापरा. आपल्याकडे उजळ म्हणजे गोरा असाच अर्थ घेतात आणि मग सावळी नवरी अल्बममध्ये ओळखू येत नाही, मला याचा फार राग येतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं सरासरी मधल्या करड्याच्या आसपास आणायला बघतं, त्यामुळे पांढरी धोतरं, पांढरा पडदा फ्रेममध्ये जास्त असला की फोटो अंडर होतो, म्हणजे उजेड कमी पडतो, आणि सावळा चेहरा आणखी काळा पडतो. तो परत सावळ्यावर आणायचा, गोऱ्यावर नाही. अशा वेळी मी ‘चेहरा उघडला’ म्हणते.

उत्तर ३
हळदीचं आहे म्हणून सांगतो, ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून सॉफ्टवेअरने आपोआप केलेली रंगदुरुस्ती) लावू नका. पिवळा मांडव, पिवळ्या साड्या, हळद, एवढा पिवळा बघून सॉफ्टवेअर त्याला उजेडाचा दोष समजतं आणि निळा ओततं, हळद फिकी पडते आणि चेहरे आजारी दिसतात. फ्रेममध्ये पांढरा सदरा किंवा तांदूळ शोधा, पण ते सावलीत पिवळ्या कापडाखाली नकोत, आणि तिथे ड्रॉपर (हे पांढरं आहे असं सॉफ्टवेअरला दाखवायचं टूल) लावा, तरी थोडा पिवळा राहू द्या, मांडवात तो खरोखर होताच.

अजून दोन शब्द घ्या. पांढरं इतकं गेलं की त्यात काहीच उरलं नाही तर फोटो जळाला, तो स्लायडरने परत येत नाही. आणि काळपट जेपीईजी फार उचलला की फुटतो, सावलीत रंगांचे पट्टे दिसतात, कारण ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न झालेली फाइल) १६,३८४. आत्याच्या फोटोची रॉ फाइल असेल तर तीच उघडा.