हर्मिट म्हणजे संन्यासी का? आणि मठ म्हणजे नक्की काय?

ख्रिस्ती संत ब्रुनोंवर थोडं लिहायला घेतलंय आणि दुसऱ्याच वाक्यात गाडी अडली. हर्मिटला मराठीत काय म्हणायचं? माणूस जर्मनीतल्या कलोनचा, जन्म साधारण 1030 चा, फ्रान्समधल्या रॅंसच्या कॅथेड्रल शाळेत जवळजवळ वीस वर्षं शिकवलं आणि मग सगळं सोडून 1084 मध्ये सहा जणांना घेऊन ग्रनोबलजवळ आल्प्समधल्या शार्त्रूझच्या रानात जाऊन राहिला. मी 'संन्यासी' लिहिलं तर बायको म्हणाली, भगवं दिसतं रे डोळ्यापुढे. खरंय, यांचे झगे पांढरे. 'बैरागी' म्हणावं तर तो फिरता, आणि हे लोक एकदा आत गेले की हलत नाहीत.

—

संन्यासी नकोच, त्यामागे चार आश्रमांचं सगळं लटांबर येतं. 'एकांतवासी' लिहा. आमच्या वसईकडे 'व्रतस्थ' म्हणतात पण ते सगळ्यांनाच, शाळा चालवणाऱ्या सिस्टरही व्रतस्थच, त्यामुळे एकटेपणा त्यात येत नाही. हर्मिटच्या मुळाशी ग्रीक एरेमॉस आहे, म्हणजे ओसाड जागा. ब्रुनोंच्या परंपरेतले कार्थुशियन मठाभोवतीच्या रानाला डेझर्टच म्हणतात. तिथे 'वाळवंट' लिहू नका हां, वाचक आल्प्समध्ये चंद्रभागा शोधत बसेल! 'निर्जन रान' पुरे.

—

एकांतवासी घेतो. पण मठाचं काय? मठ म्हटलं की महंत, पंगत, उत्सव, दारात चपलांचा ढीग. इथे उलटं. प्रत्येकाचं वेगळं छोटं घर, मागे स्वतःची बाग, लाकूडकामाची जागा, आणि जेवण येतं ते दाराशेजारच्या भिंतीतल्या खिडकीतून, आणणारा बाहेरून ठेवून जातो, आतला नंतर उचलतो, तोंड बघायचं कामच नाही. एकत्र जेवण रविवारी आणि सणाला. याला मठ म्हणायचं?

—

बिनधास्त म्हणा. उत्सव-महंत हे सगळं नंतर चिकटलेलं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याला बसायला 'निगूढ मठ' हवा असं आलंय, तिथे कुठली पंगत? एकट्याने बसायची आडबाजूची जागा. आणि गंमत म्हणजे मॉनेस्टरीचंही तेच झालंय, ग्रीक मोनोस म्हणजे एकटा, आधी एकट्याची खोली आणि मग शंभर जणांची इमारत. दोन्हीकडे शब्द एकटाच निघाला आणि वाटेत गर्दी जमली. मी तर म्हणेन सगळ्या आवाराला मठ आणि त्या छोट्या घराला 'मठी' म्हणा.

—

मध्येच विचारतो, साड्यांच्या दुकानात शार्त्रूझ ग्रीन म्हणतात तो रंग इथलाच का?

—

हो. तिथल्या मठवासीयांनी काढलेल्या हिरव्या मद्यावरून, 130 वनस्पती घालतात म्हणे. ब्रुनोंचा त्यात हात नाही, ते प्रकरण अठराव्या शतकातलं. आपण सरळ पोपटी म्हणावं.

मला खटकतो तो तुमच्या मसुद्यात ब्रुनोंना लावलेला 'संस्थापक' हा शब्द. संस्थापक म्हटलं की शिक्षणसंस्थेच्या हॉलमधला हार घातलेला फोटो! या माणसाने नियमावलीसुद्धा लिहिली नाही, ती पुढे पाचवे प्रमुख गीगो यांनी लिहून काढली. सहाच वर्षांत अर्बन दुसरा, म्हणजे पोप झालेला जुना विद्यार्थी, त्याने रोमला बोलावलं, हे गेले ते शार्त्रूझला परतलेच नाहीत. इटलीतल्या रेज्जोचं आर्चबिशपपद नाकारलं, तिथल्याच कलाब्रियात पुन्हा रान शोधलं आणि तिथेच 1101 मध्ये गेले. मागे उरलेल्यांची तर आधी पांगापांग झाली होती, नंतर परत जमले. याला स्थापना कसं म्हणणार?

—

पटलं, संस्थापक उडवला. आता असं: 'एकांतवासी संत ब्रुनो यांनी शार्त्रूझच्या निर्जन रानात मठ्यांची वस्ती वसवली.'

—

छान आहे, फक्त 'मठ्यांची' घाईत वाचलं तर मठ्ठांची वाटतं. 'मठी-मठींची' करून बघा.